बाभळीवरचा डबा

"मॅडम, मुलांचे डबे सापडले," वानखडे सर फोनवर म्हणाले. "तुम्ही निघा. आत्ताच निघा. लोकांनी अंजनाबाईला देवळात बसवून ठेवलंय."

मे महिना होता. यवतमाळच्या माझ्या स्टुडिओत मी एका लग्नाचा अल्बम लावत बसले होते. नवरीची मामी कोणत्या पानावर घ्यायची, यावरून दोन्हीकडची माणसं सकाळपासून फोन करत होती. सरांचं बोलणं मला आधी नीट कळलंच नाही.

"बसवून ठेवलंय म्हणजे?"

"तिच्याभोवती राखेचं रिंगण काढलंय. भगताला निरोप गेलाय. दिवस बुडायच्या आत तो येईल. आपल्या क्लबमधल्या प्रांजलीनं आईच्या मोबाईलवरून चोरून फोन केला मला. रडत होती."

मी बॅगेत कात्री, काळी पाकिटं आणि मोबाईलचा चार्जर टाकला आणि गाडी काढली. मामी राहिली तशीच.

आधी हे डबे काय, ते सांगते.

कळंबहून आत गेलं की एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे केस झाली. तिथल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथे मी मुलांचा फोटोग्राफी क्लब घेते. महिन्यातले दोन रविवार. सहावी ते नववीची मुलं येतात. वानखडे सर तिथल्या शाळेत शिकवतात आणि राहतात कळंबला. क्लब त्यांच्याच डोक्यातून निघाला. आमच्याकडे कॅमेरे म्हणाल तर माझे दोन जुने डीएसएलआर आणि सरांचा मोबाईल. एवढ्या मुलांना ते कसे पुरणार? म्हणून मी त्यांना कॅमेरा बनवायलाच शिकवते.

सगळ्यात सोपा कॅमेरा म्हणजे रिकामा डबा. कोल्ड्रिंकचा किंवा बिअरचा, पातळ अॅल्युमिनिअमचा. त्याच्या अंगाला शिवणाच्या सुईनं एक भोक पाडायचं. आत, भोकासमोर, ब्लॅक अँड व्हाइट फोटोपेपर वाकवून बसवायचा. माझ्याकडे डार्करूमच्या दिवसांतली पेपरची खोकी पडून आहेत. मग वरून सगळीकडे काळी टेप गुंडाळायची. झाला कॅमेरा. याला शटर नाही, लेन्स नाही. तो झाडाला तारेनं बांधायचा आणि विसरून जायचं. एक-दोन दिवस नाही, पाच-सहा महिने. भोक उघडंच असतं. सूर्य रोज आकाशातून जाताना त्या पेपरवर एक रेघ ओढतो. हिवाळ्यात रेघ खाली, उन्हाळ्यात वर. रेघांवर रेघा चढत जातात. अशा फोटोला सोलारग्राफ म्हणतात.

डबे अंजनाबाईनं दिले होते. अंजनाबाई गावाच्या शेवटाला एकटी राहायची. साठीच्या पुढची असेल. दिवसभर पाठीवर पोतं घेऊन फिरायची, बाटल्या, प्लॅस्टिक, डबे गोळा करायची. मुलं मागायला गेली तेव्हा तिनं एकेक डबा उलटा करून, आतली मुंगी झटकून दिला होता.

डिसेंबर सरता सरता मुलांनी डबे बांधले. कुठे बांधले ते ज्याचं त्यालाच माहीत. कुणाचा डबा उन्हाळ्यापर्यंत टिकतो अशी त्यांनी आपसात पैज लावली होती, त्यामुळे घरीसुद्धा कुणी काही बोललं नाही. पालकांना एवढंच माहीत होतं, की मॅडम मोबाईलवर फोटो शिकवतात.

त्यानंतर, जानेवारी संपत आला असताना, गावच्या वळणावर प्रफुल गेला. वळणाला एक मोरी आहे, म्हणजे खालून नाल्याचं पाणी जायला बांधलेला लहानसा पूल. प्रफुलची मोटरसायकल त्या मोरीच्या कठड्यावर आदळली. तो पंचविशीच्या आतला होता. देवरावकाकांचा एकुलता एक मुलगा. मोरीच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, एक बाभूळ आहे. त्या बाभळीवर प्रांजलीचा डबा होता.

कळंबला मी सरांना गाडीत घेतलं. शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे तेही गावात नव्हते. रस्त्यानं त्यांनी प्रांजलीकडून कळलं ते सांगितलं.

आठवड्यापूर्वी देवरावकाका वावरात जाता जाता वळणावर थांबले. त्यांना बाभळीतून आवाज आला. टक्. मग थोड्या वेळानं पुन्हा टक्. भर दुपारी, वारा नाही, पाखरू नाही. त्यांनी फांद्या बाजूला करून पाहिलं, तर खोडाला तारेनं आवळलेली काळी वस्तू. तिला एकच भोक, आणि ते भोक मोरीकडे रोखलेलं.

गावात कुणी मरतं त्या जागेसमोर अशी वस्तू सापडली, की पुढचं सांगायला नको. लोकांनी शोध घेतला. दुसरा डबा पाण्याच्या टाकीमागे निघाला. तिसरा मारुतीच्या देवळाजवळच्या निंबावर. मग पांदणीत, मग स्मशानाच्या वाटेवर. ज्या वाटेनं जावं तिथे एक काळा डबा आणि त्याचा एक डोळा. मग कुणाला आपली मेलेली बकरी आठवली, कुणाला सुनेचा ताप. एका डब्याची टेप उन्हानं सुटली होती. खाली बिअरचं नाव दिसलं. आता गावात डबे कोण गोळा करतं, हे लहान पोरालाही माहीत होतं.

"मुलांनी सांगायचं ना, डबे आमचे आहेत म्हणून," मी म्हणाले.

"कसे सांगतील? एका बाईला त्यासाठी पकडलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर. घाबरून गेली आहेत," सर म्हणाले.

सरांनी ठाण्यात फोन केला होता. गाडी पाठवतो म्हणाले होते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो सरांना कलमांसकट पाठ आहे. पण कायदा येईपर्यंत मधला वेळ असतो.

वळणावर मी गाडी थांबवली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. दोन्हीकडची वावरं नागडी, नुसती ढेकळं. बाभळीच्या बुंध्याभोवती राख होती, त्यावर बिब्बे आणि कापलेली लिंबं, ऊन लागून काळी पडलेली. डबा जागेवरच होता. कुणीतरी त्याच्या भोकात शेंदूर भरला होता. डोळा बंद केला होता.

मी काच खाली केली, आणि मलाही ऐकू आलं. टक्.

मला कारण माहीत होतं. पातळ पत्रा तापला की फुगतो आणि दाबलेली जागा उसळते. तेलाचा डबा उन्हात ठेवला तर तोही असा वाजतो. हे सगळं माहीत असूनही मी काच वर केली.

गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं लावलेली. मारुतीच्या सभामंडपात मात्र माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. एका खांबाशी अंजनाबाई बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, विटलेल्या पांढरट लुगड्याचा पदर तोंडावर ओढून. तिच्या भोवती राखेचं गोल रिंगण. तिचं पोतं समोर रिकामं केलं होतं. डबे, बाटल्या, एक तुटकी बाहुली. बाहुलीपासून सगळे लांब बसले होते.

पोलीसपाटील उठून आले. "मॅडम, तुम्ही कायले आल्या उन्हाच्या?"

"ते डबे माझे आहेत. माझ्या क्लबच्या मुलांनी बांधलेत. त्यात फोटोचा कागद आहे, दुसरं काही नाही."

मी सगळं समजावून सांगितलं. सूर्य, भोक, कागद. मला वाटलं, झालं. पण मागून एक बाई म्हणाली, "मॅडमचं नाव घेऊन बुढीनंच केलं असन. मॅडमले काय मालूम."

सर म्हणाले, "हे बघा, कायद्यानं हा गुन्हा आहे."

तेव्हा गलका झाला. "आमचे लेकरं मरून राह्यले अन् तुम्ही आमालेच कायदा सांगता?" सरांचा हात कुणीतरी धरला. पाटील मध्ये पडले. देवरावकाका तेवढे उठले नाहीत. पांढरं धोतर, पांढरी बंडी, डोक्याला पांढरा दुपट्टा. ते माझ्याकडे पाहत होते.

"त्याच्यात फोटो हाय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"कोणाचा?"

"डबा जिकडे बघतो त्या जागेचा. रस्त्याचा."

"मंग काढून दाखवा. मोरीवरचा."

बाभळीला हात लावायला कुणी तयार होईना. मी एकटी निघाले. तेवढ्यात गल्लीतून प्रांजली पळत आली, अनवाणी. तिची आई तिच्या मागे ओरडत होती. "माहा डबा हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्याच बांधला होता. मीच सोडते."

आईनं तिचा दंड पकडला. मी म्हटलं, "ताई, मी आहे सोबत." आईनं हात सोडला, पण बाभळीखालच्या राखेच्या कडेपर्यंत ती आमच्याबरोबर आली आणि तिथेच उभी राहिली.

प्रांजलीनं माझ्या गाडीतल्या पकडीनं तार कापली. डबा हातात आला तेव्हा तो पुन्हा वाजला. तिनं सोडला नाही. "मॅडम, गरम हाय," एवढंच म्हणाली.

सोलारग्राफचा पेपर डेव्हलप करावा लागत नाही. चित्र त्यावर आधीच उमटलेलं असतं. पण तो फिक्सही करत नाहीत. फिक्स करणं म्हणजे केमिकलनं चित्र पक्कं करणं. इथे तसं केलं तर चित्र निम्मं उडून जातं. म्हणून तो पेपर उजेडाला कच्चाच राहतो. जितका वेळ बघाल तितका काळवंडतो. एकदाच, अंधुक जागेत बाहेर काढायचा, मोबाईलनं फोटो घ्यायचा आणि काळ्या पाकिटात घालायचा. पेपरवरचं चित्र उलटं असतं, पांढऱ्याचं काळं. ते मोबाईलवर सुलटं करता येतं.

अभ्यासिकेच्या मागे आमची स्टोअररूम आहे. पाटील, देवरावकाका, प्रांजली आणि मी आत गेलो. दार लावलं. मी डबा कापला. काका भिंतीला टेकून उभे होते. पेपर गुंडाळी होऊन बाहेर आला, गुलाबी-तपकिरी. मी तो उलगडला. फोटो घेतला. पाकिटात टाकला. पाटलांनी श्वास सोडल्याचा आवाज आला. डब्यातून दुसरं काही निघालं नव्हतं.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक मोठा टीव्ही लावलाय. सरांनी माझा मोबाईल त्याला जोडला. तोवर सभामंडपातली माणसं आली होती. काही आत, बाकीची खिडक्यांना. अंजनाबाईलाही आणलं होतं. ती दाराशी बसली.

मी चित्र सुलटं केलं.

निळसर-जांभळं आकाश. त्यात सूर्याच्या रेघा, एकाखाली एक, वाकळेला घातलेल्या टाक्यांसारख्या. ढगाळ दिवशी टाके तुटलेले. खाली रस्ता, वळण, मोरी, पलीकडची वावरं. इतका स्वच्छ सोलारग्राफ मी क्लबमध्ये पाहिला नव्हता. मला प्रांजलीचं कौतुक करायचं होतं. पण लोक चित्रात काहीतरी शोधत होते.

"माणसं कुठी हायत?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"अवो, गावाचा रस्ता हाय हा. रोज गंज माणसं जातात. बैलं जातात, एसटी जाते. याच्यात त कोणीच नाई."

मी सांगितलं, "बाबा, हा फोटो महिनोन्‌महिने निघत होता. जो चालतो, तो क्षणभरच तिथे असतो. तेवढ्यात कागदावर काही उमटत नाही. जे हलत नाही तेच उमटतं. दगड, झाड, घर."

माझं उत्तर बरोबर होतं. क्लबमध्ये हेच सांगितल्यावर मुलं टाळ्या वाजवतात. इथे कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे डब्यानं समदी माणसं खाल्ली." एक बाई खिडकीतून मागे सरकली आणि तिनं लेकराला पदराखाली घेतलं. मी टीव्हीकडे पाहिलं. खरंच, ते कुणीच उरलं नसलेल्या गावाचं चित्र होतं. सूर्य तेवढा न चुकता येऊन जात होता.

"अन् थे काय हाय?" पाटील पुढे झाले. "मोरीवर?"

मीही तेव्हाच पाहिलं. मोबाईलच्या लहान स्क्रीनवर माझं लक्ष गेलं नव्हतं. मोरीच्या कठड्यावर, जिथे मोटरसायकल आदळली होती त्याच्याच बाजूला, काहीतरी पांढुरकं होतं. धुरासारखं. कडा नव्हत्या. पण डोकं कळत होतं, वाकलेले खांदे कळत होते, आणि खाली घडी केलेल्या पायांचा आकार. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी मागची वावरं दिसत होती.

ते डब्याकडे बघत बसलं होतं.

"प्रफुल," एक बाई म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"प्रफुल नाई. बुढी हाय थे!" खिडकीतून आवाज आला. "पांढरं लुगडं पाहा न! वाटेवर बसून राहे थे, नजर लावून!"

सगळी डोकी दाराकडे वळली. जे हलत नाही तेच उमटतं, असं मी आत्ताच सांगितलं होतं. म्हणजे त्या मोरीवर कुणीतरी खरंच बसत होतं. रोज, तासन्‌तास, महिनोन्‌महिने. मी तिला सोडवायला आले होते, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मीच मोठ्या स्क्रीनवर लावला होता.

"मी कायले बसू बाप्पा?" अंजनाबाई पहिल्यांदा बोलली. "बसली त खाऊ काय?"

तिचं कुणी ऐकलं नाही. एका माणसानं तिचा दंड धरून तिला उभं केलं. वानखडे सर मध्ये घुसले. मी टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तर देवरावकाका माझ्या शेजारी उभे होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "मॅडम, माहा पोरगा दिसते का याच्यात?"

खोलीतले लोक थांबले. ज्याचं दुःख होतं, तो बोलत होता.

"थो रोज याच रस्त्यानं कळंबले जाये. सकाळी जाये, दिवे लागता लागता वापस येये. हा डबा डिसेंबरात बांधला म्हणता. म्हणजे थो होता तवा. दिसते का कुठी?"

रस्त्याच्या कडेला एक पुसट ठिपका होता. पेपरवरचा डाग. हा तुमचा प्रफुल, असं मी म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं. मी लग्नांचे अल्बम करते. लोकांना जे बघायचं असतं ते दाखवून देणं हा माझा धंदा आहे. पण प्रांजली माझ्याकडे बघत होती, आणि तो डाग आहे हे तिला माहीत होतं.

"नाही काका. तो गाडीवर जात होता. त्याचा उजेड कागदावर पडला असेल, पण उमटला नाही."

ते टीव्हीजवळ गेले आणि त्या पांढुरक्या आकारावर बोट ठेवलं.

"थो मी हाय."

कुणाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, लोकांकडे तोंड करून. "बुढी नाई. मी हाय. हा माहा दुपट्टा. मीच बसतो तिथं."

त्यांची बायको बायकांमध्ये बसली होती. ती उठली. "तुम्ही त रोज वावरात जातो म्हणे."

"वावरात काय हाय आता? पऱ्हाटी उपटून तीन महिने झाले."

"उनात बसता? इतक्या उनात?"

ते तिच्याकडे न पाहता बोलत राहिले. "माणसं उनाची घरात राह्यतात. कोणी पाहात नाई. म्हणून त्या टायमाले जातो. अन् मंग चैत्रापासून आवाज याले लागला. टक्, टक्. रोज. मले वाटलं, पोरगं खुणावून राह्यलं. मी त्याच्यासंग बोलो. दीड महिना बोललो. मंग एक दिवस फांदी सारून पाह्यली, त डबा." त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "डबा निघाला. मले लय राग आला. कोणाचा तरी राग याले पाह्यजे होता."

टीव्हीवर तो आकार तसाच बसलेला होता, आणि त्याच्यासमोर तोच माणूस उभा होता. माझ्या आजवरच्या धंद्यात मी असं काही पाहिलेलं नाही. मला त्या दोघांकडे एकाच वेळी बघवेना.

"बुढीले घरी जाऊ द्या," ते म्हणाले. "डबा पोट्टीचा हाय. सांगून राह्यली नं थे."

सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. टाकीमागचा डबा, मेलेली बकरी, असं कुजबुजत काहीजण बाहेर पडले. पण मरण ज्याच्या घरचं होतं त्यानंच हात काढून घेतल्यावर बाकीच्यांच्या बोलण्यात दम राहिला नाही. लोक चपला शोधायला लागले. भगताला कुणीतरी फोन करून अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. पोलिसांची गाडी आली तेव्हा खोलीत आम्हीच उरलो होतो. जबाब झाले. दंड धरणाऱ्यावर आणि रिंगण काढणाऱ्यांवर केस झाली, ती अजून चालू आहे.

निघताना काका माझ्यासाठी थांबले होते. त्यांना तो कागद हवा होता.

"मी याची मोठी प्रिंट करून देते काका. फ्रेम लावून."

"प्रिंट नको. जो तिथं होता थोच कागद द्या."

"हा कच्चा आहे. पाकिटातून जितक्यांदा काढाल तितका काळा होत जाईल. शेवटी त्यावर काहीच राहणार नाही."

"होऊ द्या."

मी प्रांजलीकडे पाहिलं. फोटो तिचा होता. तिनं पाकीट स्वतःच्या हातानं त्यांना दिलं.

बाकीचे डबे मुलांनी आणि मी त्याच संध्याकाळी उतरवले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत शटर अर्धं ओढून मी ते एकेक उघडले. टाकी, पांदण, स्मशानाची वाट, निंबाखालचा पार. सूर्याच्या रेघा सगळ्यांत सुरेख आल्या होत्या. माणूस एकातही नव्हता. पारावर म्हातारे रोज बसतात, तेही नव्हते. सावलीत होते, हलत होते, पत्ते खेळत होते. इतकी वर्षं मी हे तंत्र शिकवते आहे, रिकामे रस्ते मला नवीन नाहीत. तरी त्या दिवशी मी ती चित्रं एका बैठकीत संपवू शकले नाही. मध्येच उठून बाहेर चौकात जाऊन उभी राहिले. माणसं जाताना-येताना दिसली, तेव्हा बरं वाटलं.

क्लब दोन महिने बंद राहिला. पावसाळ्यात पुन्हा सुरू केला तेव्हा पहिल्या रविवारी मी अंजनाबाईकडे गेले. ती घरातच होती. फिरणं तिनं बंद केलं होतं. कुणी तिची माफी मागितली नव्हती; एक बाई पायलीभर ज्वारी उंबऱ्यावर ठेवून गेली होती, न बोलता. मी डब्यांमधल्या चित्रांच्या प्रिंट नेल्या होत्या. तिनं त्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या.

"मी कुठी हाय याच्यात?"

"तुम्ही नाही आलात, आजी. तुम्ही दिवसभर चालत होतात ना."

"चारही वाटा चालली मी. सालभर. तरी नाई?"

"नाही."

तिनं प्रिंट माझ्या हातात परत दिल्या. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "दिसली असती त मारली असती."

क्लबमध्ये आता एक नियम वाढलाय. डबा बांधायच्या आधी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगायचं: काय बांधतोय, कुठे बांधतोय, कधी काढणार. अनाउन्समेंट मुलंच करतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत क्लबचं नाव आणि माझा नंबर असतो. त्यामुळे डबे जास्त चोरीला जातात, आणि रात्री-अपरात्री पोरं मिस्ड कॉल देतात. चोरी आणि मिस्ड कॉल परवडतात.